बेचाळीस डिग्रीचा जाळ

“माझं पोट फाडलं, आतडी बाहेर काढून धुतली, परत आत घातली, वर दीड तास गरम औषध खेळवलं, आणि एवढं होऊनसुद्धा मी तुझ्यापुढं बसून तंबाखू मळतोय. तुझा विश्वास बसणार न्हाई, पांडबा. कुणाचाच बसत न्हाई. पण तुझा बसला न्हाई म्हणून माझं पोट काय परत उसवत न्हाई!”

माझी ही सुरुवात पाठ झालेली. नऊ वर्षांत मी ती किती जणांना ऐकवली असेल, मोजदाद नाही. पंचक्रोशीत कुणाच्या पोटात गाठ निघाली की घरचे त्याला उचलून माझ्याकडं आणतात. केरबा गुळव्या बघा, म्हणतात. आतड्याचा कॅन्सर पोटभर पसरला होता, डॉक्टरांनी सहा महिने दिले होते, आणि म्हातारा अजून गुऱ्हाळावर गप्पा हाणतोय.

पांडबाला त्याच्या सुनेनं आणलं होतं. राधानगरीकडच्या कुठल्याशा वाडीवरनं, स्कूटीवर मागं बसवून. सून उज्ज्वला, दवाखान्याची फाईल छातीशी धरून उभी. पांडबा पन्नाशीचा, ट्रॅक्टर चालवणारा, मानेनं अजून जाडजूड. पण डोळे असे, जसं कुणी आतनं दिवा काढून नेलाय. माझाच आजार, माझंच ऑपरेशन, सोमवारी. आणि आज शनिवार. पांडबा म्हणत होता, मी जात न्हाई.

माघातली सकाळ होती. काहिलीत, म्हणजे उसाचा रस उकळायच्या आमच्या त्या थोरल्या कढईत, रसाला नुकता कढ येत होता. खाली चुलवाणाच्या तोंडाशी शिरपती बसून पिळलेल्या उसाची वाळकी चिपाडं आत ढकलत होता. चाळीस वर्षं मी वर गूळ काढला आणि शिरपतीनं खाली जाळ घातला. आता गूळ काढायला दुसरा गुळव्या आहे. मी नुसता उलट्या डब्यावर बसतो.

“खरं सांगा हं, आण्णा,” पांडबा म्हणाला. “मला धीर द्यायला म्हणून काही सांगू नका.”

“मी आणि खोटं? शिरपतीला विचार.”

शिरपती खोकला. ह्याच जागेवर बसून मी लोकांना सांगितलं होतं की माझ्या ढेपेवर बसलेली माशी गोडानं बेशुद्ध पडली आणि तिला उचलून न्यायला पाच माश्या आल्या. त्यातली एक रडत होती.

“ऐक तर,” मी म्हटलं. “आधी रक्त पडायला लागलं. तुलाही पडलं असंल.”

पांडबानं सुनेकडं न बघता मान हलवली.

“चाळीस वर्षं चुलवाणापाशी काढलेल्या माणसाला रक्त पडलं तर गुऱ्हाळावर सगळे एकच सांगतात. उष्णता! मीही तेच म्हटलं. जाळाजवळ बसतोय, उष्णता व्हायचीच. सब्जा खाल्ला, गुलकंद खाल्ला, बेंबीत एरंडेल घातलं. ताकाचं म्हणशील तर एवढं प्यालो की गावातल्या म्हशी मला बघून तोंड फिरवायला लागल्या. वर्ष गेलं. कमरेचा करदोटा दोनदा आवळला. शेवटी धोतर धुताना हौसानं बघितलं.”

“हौसा म्हंजे?”

“माझी बायको. दगडावर धोतर टाकून तशीच आत आली. म्हणाली, ‘ही उष्णता न्हवं. ही तुमची अक्कल वाहून चाललीय.’”

उज्ज्वला पदरात हसली. पांडबा नाही हसला.

“मग पुण्याला नेलं. नाडगौडा मॅडम म्हणून डॉक्टरीणबाई होत्या, एवढ्याशा, चिमणीएवढ्या. त्यांनी फोटो उजेडाला लावला. म्हणाल्या, आतड्यातनं बाहेर पडलंय, पोटाच्या पडद्यावर सगळीकडं बारीक बारीक दाणे पसरलेत. दिसंल तो दाणा काढायचा आणि मग गरम केलेलं औषध पोटात खेळवायचं, म्हंजे न दिसणारे मरतात. मी म्हटलं, हे तर आमचंच काम. वर येईल ती मळी काढायची. थोडी राहिली तरी गूळ काळा. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. मग मी विचारलं, गरम म्हंजे किती? म्हणाल्या, बेचाळीस डिग्री.”

मी थांबलो. इथं मी नेहमी थांबतो.

“बेचाळीस! अरे, एकशे अठराला आमचा गूळ होतो. बेचाळीसला हौसा मला आंघोळीला पाणी देते आणि मी ओरडतो, गार हाय म्हणून. मी म्हटलं, मॅडम, एवढ्याशा जाळानं काय शिजणार? जरा वाढवा. त्या म्हणाल्या, वाढवला तर तुम्हीच शिजाल.”

आता पांडबाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. उज्ज्वलानं ते बघितलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं मी तिला काहीतरी बांधून दिलंय. घरातनं शालन चहाची किटली घेऊन आली. माझी मुलगी. गुऱ्हाळाला लागूनच आमचं घर. तिनं कप मांडले आणि खांबाला टेकून उभी राहिली. ही गोष्ट चालू असली की ती नेहमी तिथंच उभी असते.

“अकरा तास ऑपरेशन. तुला वाटंल, मी बेशुद्ध होतो. पण चाळीस वर्षांचा कान! औषध फिरवायचं मशीन गुळगुळ करायला लागलं, तसं बेशुद्धीतसुद्धा मला कळलं, जाळ पडला. एकेचाळीसवर अडकलंय. मी डोळे न उघडता बोट वर केलं आणि म्हटलं, ‘चिपाड ओलं हाय. वाळकं घाला!’ सगळे डॉक्टर दचकले. बघतात तर खरंच एकेचाळीस. मॅडम म्हणाल्या, ह्यांना कुणी भूल दिलीय का न्हाई?”

पांडबा हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. मग लगेच म्हणाला, “आणि नंतर?”

सगळे तेच विचारतात. ऑपरेशनचं कुणाला काही नसतं. नंतर काय, ते हवं असतं.

“नंतरचं सांगू?”

“तेच ऐकायला आलोय.”

मी तंबाखू तोंडात टाकली.

“नंतरचं वाईट असतं, पांडबा. तिथं खोटं बोलायला जागा न्हाई. नाकात नळी, मुतायला नळी, पोटाच्या दोन्ही अंगांना नळ्या. तहान एवढी की भिंतीवरची पाल बघितली तरी वाटायचं, ही कुठंतरी पाणी पिऊन आली असंल. आणि पाणी द्यायचं न्हाई. ओठाला ओला कापूस लावायचा, बस. तो कापूस मी चावून खाल्ला एकदा. दुखायचं तर असं की रडू यायचं, आणि रडलं की टाके ओढायचे, म्हणून रडताही यायचं न्हाई. मी देवाला शिव्या घालत होतो. नंतर नंतर त्याही सुचायच्या बंद झाल्या.”

“आणि हौसाक्का?”

“बाहेर बाकावर. सत्तावीस दिवस. आत सोडायला पास लागायचा आणि पास एकच, तो ह्या शालीकडं असायचा. शाली सासरहून आली होती, चार दिवसांसाठी. ती कागद घेऊन ह्या खिडकीवरनं त्या खिडकीवर. पण हौसाला पास लागायचा न्हाई. रखवालदार तिला अडवायचाच न्हाई. कधी यायची, कधी जायची, त्याला पत्ता न्हाई.”

चुलवाणात चिपाड टाकायचा आवाज जरासा थांबला आणि परत सुरू झाला.

“नवव्या दिवशी ताप चढला. दुपारची वेळ. पोट दगडासारखं झालं आणि नळीतनं जे यायला लागलं त्याचा वास... जाऊ दे. मॅडम धावत आल्या. आतड्याची शिवण सुटली होती. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता परत उघडायचं आणि पोटाला बाहेरनं वाट काढून पिशवी लावायची. त्या वाटेनं सगळं त्या पिशवीत येणार. कदाचित कायमचं. सही पाहिजे.”

पांडबाचा हात त्याच्या स्वतःच्या पोटावर गेला.

“शाली कागद घेऊन आली. म्हणाली, ‘आबा, सही करा.’ मी तोंड भिंतीकडं केलं. परत म्हणाली, ‘आबा.’ मी बघितलंच न्हाई. मला बास झालं होतं. गूळ हाताबाहेर गेला की कितीही हलवा, तो होत न्हाई. मला माझ्याबद्दल तसं कळलं होतं. शाली कागद घेऊन बाहेर गेली. आणि मग हौसा आली.”

“हां,” पांडबा पुढं सरकला.

“डोक्यावर पदर. उशाशी येऊन बसली. मी म्हटलं, ‘आलीस? मला न्यायला आलीस न्हवं?’ म्हणाली, ‘न्हाई. सही घ्यायला आलेय.’ मी म्हटलं, ‘हौसा, मला नको हे. माझाच वास मला येतोय. रस नासला की काय करतो आपण? काहील रिकामी करतो. तसं कर.’ म्हणाली, ‘रिकामी केल्यावर घासून परत चढवता न्हवं?’ मी म्हटलं, ‘ही काहील भोक पडलेली हाय.’ तर म्हणाली, ‘मग कल्हईवाल्याकडं चला की! तोच कागद धरून उभा हाय.’”

“बाई खमकी,” पांडबा म्हणाला.

“मग मी खरं ते बोललो. म्हटलं, ‘हौसा, शाली हितं हाय. लग्न झालेली पोर. तिनं बापाला असं नागडं बघायचं? माझं हगलं-मुतलं तिनं काढायचं? त्यापेक्षा ही नळी उपट. तू उपट. तुझा हात चालंल मला.’ तिनं पदर पुढं ओढला. मग म्हणाली, ‘माझा हात चालतो न्हवं? मग माझ्या हातातला पेन धरा. पिशवी मी बदलीन. रोज मी बदलीन.’ मी म्हटलं, ‘शालीला कळता कामा नये. शपथ घे.’ म्हणाली, ‘घेतली. शालीला ह्यातलं काही ठाऊक न्हाई, असं समजा.’ मी सही केली. सही कसली, मुंगी शाईत बुडून कागदावरनं गेली, एवढंच. मला घेऊन गेले.”

गुळव्यानं झाऱ्यानं वरची मळी बाजूला ओढली. पांडबा जमिनीकडं बघत होता.

“पुढं सहा महिने औषधं. त्या औषधानं बोटं मेली. हे बघ.” मी उजव्या हाताची तीन बोटं पुढं केली. टोकांना अजून चरे आहेत. “गुळव्याची बोटं म्हंजे काय असतं, ठाऊक हाय? गार पाण्यात बुडवायची, लगेच उकळत्या पाकात घालून चिमूटभर उचलायचा, परत पाण्यात, आणि गोळी वळून बघायची. झाला का न्हाई, हे बोट सांगतं. दुसरं कुणी सांगत न्हाई. बरा होऊन पहिल्या हंगामाला मी इथं उभा राहिलो, गार पाण्यात बोटं घातली, आणि बाभळीचे काटे भरल्यासारखा ओरडलो. मग पाकात घातली तर काहीच कळंना. गार भाजतंय आणि ऊन लागत न्हाई. लोक ओरडले, तेव्हा खाली बघितलं, कातडी काहिलीत राहिली होती. तेव्हापासनं हा डबा आणि मी. सदऱ्याची बटणं लागत न्हाईत मला. मग त्या पिशवीची कडी कुठली लागायला?”

“म्हंजे पिशवी अजून हाय?”

“हाय की.” मी सैल सदऱ्यावर थोपटलं. “हीच माझी तिजोरी.”

“आणि बदलतं कोण?”

“हौसा. दुसरं कोण? हात एवढा हलका की मला कळतसुद्धा न्हाई. आज सकाळीच बदलली.”

“मग हौसाक्का घरात असतील तर भेटून जातो,” पांडबा म्हणाला. “पाया पडतो त्यांच्या.”

शिरपतीनं चिपाडाचा भारा हातातच धरला. खांबापाशी कप वाजला.

“ती गावाला गेलीय,” मी म्हटलं.

“आज सकाळीच बदलली म्हणालात.”

“बदलून गेली. आठच्या गाडीनं.”

पांडबानं मान डोलावली. त्याला तपासायचं नव्हतं, त्याला मानायचंच होतं. त्याच्या खांद्यांतनं काहीतरी सुटल्यासारखं झालं. मला वाटलं, तयार झाला. माझी गोष्ट ऐकून आजवर सगळे तयार झालेत.

“तुमचं नशीब थोर, आण्णा,” तो म्हणाला. “हौसाक्का होत्या.”

“म्हणून तर...”

“न्हाई, ऐका. तुम्ही हे सांगितलंत ते बरं झालं. माझं कळलं मला. माझी कारभारीण जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा ट्रकवर, महिना महिना घरी न्हाई. घरात मी आणि ही. सून.” त्यानं उज्ज्वलाचं नाव घेतलं नाही. “तुम्हाला तुमच्या पोटच्या पोरीपुढं लाज वाटली. ही तर दुसऱ्याची लेक. हिच्यापुढं पोट उघडं टाकून पडू? हिला ते काढायला लावू? माझ्या बाकावर बसायला कोण हाय? तुम्हाला हौसाक्का नसत्या तर तुम्ही सही केली असती का? खरं सांगा.”

मी पिंक टाकायला म्हणून बाजूला वळलो.

“नसती केली,” पांडबाच म्हणाला. “मग मला कशाला सांगताय?”

“मामंजी, मी काढीन म्हटलंय न्हवं?” उज्ज्वला म्हणाली. “किती वेळा सांगू? मला काही वाटत न्हाई.”

“तुला वाटत न्हाई गं. मला वाटतं.”

तो उठला. सुनेच्या हातातनं फाईल त्यानं ओढून घेतली. तिनं घट्ट धरली होती, पण सासऱ्याशी ओढाताण कशी करणार? चुलवाणापाशी जाऊन त्यानं ती शिरपतीपुढं धरली.

“घाल आत चिपाडासंगं. एकदाचं होऊ दे.”

शिरपतीनं फाईल घेतली. तो माझ्याकडं बघत होता. चार घरं पलीकडं राहतो तो. त्याला सगळं ठाऊक. गुळव्याचा झारा थांबला. नऊ वर्षांत मला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. त्या दिवशी मी शोधत होतो. मला माशी आठवत होती, म्हशी आठवत होत्या, दुसरं काही म्हणून आठवत नव्हतं.

“पांडबा, बस खाली,” मी म्हटलं. “हौसानं मला सांगितलंय, असल्या माणसाला...”

“आबा.”

शालन खांबापासनं पुढं आली. किटली तिच्या हातातच होती.

“आबा, आईला जाऊन तेरा वर्षं झाली.”

रस उकळत होता. 

“तुमचं ऑपरेशन नऊ वर्षांपूर्वीचं. पांडबामामा, ह्यांना चार वर्षं बायको नव्हती तेव्हा. धोतर मी बघितलं, माहेरपणाला आले होते तेव्हा. बाकावर मी होते. कागद दाखवला तर ह्यांनी तोंड फिरवलं. मी दाराबाहेर गेले, ओढणी डोक्यावरनं घेतली, आईसारखी, आणि परत आत आले. ताप एवढा होता की ह्यांनी मला आई समजलं. मी समजू दिलं. ‘शालीला कळता कामा नये,’ हे ह्यांनी मलाच सांगितलं आणि शपथही माझ्याकडनंच घेतली. नऊ वर्षं पाळली. चार दिवसांसाठी आले होते.”

“शाले...” मी म्हटलं.

“थांबा, आबा. ताप उतरल्यावर ह्यांना सगळं दिसत होतं, मामा. दर तिसऱ्या दिवशी पिशवी बदलायची असते. मी खोलीत गेले की हे डोळे मिटून घेतात आणि ‘हौसा, आलीस?’ म्हणतात. मी ‘आले’ म्हणते. नऊ वर्षांत एकदा डोळे उघडले असते, एकदा शाली म्हटलं असतं, तर बरं झालं असतं. पण तेवढं न म्हणताही माणूस जगतो. हा बघा, जगलाय.”

तिनं शिरपतीच्या हातातनं फाईल काढून घेतली, पदरानं पुसली आणि उज्ज्वलाला दिली. मग पांडबाचा कप उचलून त्याच्या हातात ठेवला आणि त्यात किटलीतला चहा ओतला.

“आज सकाळी ह्यांची पिशवी मी बदलली. मग हात धुतले आणि हा चहा केला. प्या आता. आणि ह्यांच्याकडं बघू नका, हिच्याकडं बघून प्या.”